चार दिवस बरी, मग ये रे माझ्या मागल्या: थ्रॉटल सेन्सरची तक्रार मुळापासून कशी शोधायची

ठाण्यात घोडबंदर रोडवर संध्याकाळी मानपाड्यापासून पुढे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच सरकवावी लागते. पाय ॲक्सिलरेटरवर नुसता टेकलेला असतो आणि तेवढ्यात गाडी हिसका मारते. क्लच दाबला की रेस एकदम खाली जाते, सिग्नलला इंजिन बंद पडतं, सेल्फ मारला की लगेच चालूही होतं. हीच गाडी ऐरोली पुलावर किंवा पाम बीचला मोकळ्या रस्त्यावर न्या, काही म्हणून तक्रार नाही. चेक लाइट कधी लागतो, कधी आपोआप जातो. गॅरेजमध्ये थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) धुऊन मिळते, गाडी चार दिवस छान चालते आणि मग परत तेच रडगाणं.

मी ठाण्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. माझ्याकडे ही तक्रार नव्याने क्वचितच येते. बहुतेक वेळा ती दोन-तीन गॅरेजं फिरून आलेली असते आणि मालकाचे पैसे तोवर धुण्यात, प्लगमध्ये, फिल्टरमध्ये आणि कधीकधी एका नव्या सेन्सरमध्येही गेलेले असतात. तरी दुखणं तिथेच. याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: कोणी मीटर लावलेला नसतो. थ्रॉटल किती उघडलंय हे सांगणारा हा सेन्सर व्होल्टमध्ये बोलतो, त्यामुळे तो बिघडलाय की नाही हे अंदाजाने ठरवायची गरजच नाही. एक साधा मल्टीमीटर, दोन टाचण्या आणि अर्धा तास एवढ्यात उत्तर मिळतं.

आधी चार दिवसांचा उलगडा करतो, कारण लोकांची फसगत तिथेच होते.

थ्रॉटल बॉडी धुताना मेकॅनिक सेन्सरचं कपलर (वायरींचा प्लग) काढतो आणि परत बसवतो. कपलरच्या पिनांवर गंज किंवा हिरवट थर असेल तर काढण्या-घालण्यात तो थोडा खरवडला जातो आणि काँटॅक्ट काही दिवस चांगला मिळतो. शिवाय बॅटरीची वायर काढली किंवा स्कॅनरने बिघाडाचे कोड उडवले की ईसीएमने (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरने) शिकून ठेवलेली जुळवाजुळव अनेक गाड्यांत पुसली जाते. मग तो कंपनीच्या मूळ आकड्यांवरून सुरुवात करतो आणि पुन्हा शिकेपर्यंत गाडी बरी वाटते. म्हणजे गाडी सुधारली ती कार्बन निघाल्यामुळेच, असं धरून चालायला काही आधार नसतो. धुणं वाईट नाही. कार्बन खरोखरच साचलेला असेल तर धुवायलाच हवं. पण एकदा धुऊन तक्रार परतली, तर दुसऱ्यांदा धुण्यात पैसे घालू नका.

सेन्सर नेमकं काय करतो

जुन्या, म्हणजे केबलने ओढल्या जाणाऱ्या थ्रॉटलच्या गाड्यांत बटरफ्लायच्या (हवेच्या वाटेतल्या गोल झडपेच्या) दांड्याच्या टोकाला हा सेन्सर बसवलेला असतो. आत कार्बनचा एक अर्धगोल पट्टा असतो आणि त्यावर घासत फिरणारा एक बारीक हात. पट्ट्याच्या एका टोकाला ईसीएमकडून ५ व्होल्ट येतात, दुसरं टोक अर्थ (म्हणजे निगेटिव्ह), आणि फिरणाऱ्या हाताची तिसरी वायर सिग्नल घेऊन परत ईसीएमकडे जाते. बटरफ्लाय बंद असताना सिग्नल साधारण अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतो, पूर्ण उघडल्यावर बहुतेक गाड्यांत चारच्या वर जातो. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणाची रचना अशीच असायची. आपण ज्या जागी बटण कायम ठेवायचो, त्याच जागी ते पुढे खरखर करायला लागायचं.

इथेच आपल्या रस्त्यांचा संबंध येतो. माजिवडा, कापूरबावडी, तीन हात नाका, कळवा पूल, दुसऱ्या बाजूला तुर्भे आणि वाशीचा टोलनाका, या सगळ्या ठिकाणी रोज रांगेतून जाणाऱ्या गाडीचं बटरफ्लाय दिवसभर जेमतेम उघडलेलं असतं. सेन्सरचा हात पट्ट्याच्या सुरुवातीच्या तेवढ्याच तुकड्यावर पुढेमागे घासत राहतो आणि झिजतो तोच तुकडा. वरचा भाग नव्यासारखा राहतो. म्हणून मोकळ्या रस्त्यावर गाडी ठीक चालते आणि रांगेत हिसके मारते.

झिजलेल्या जागी हात पट्ट्यावरून क्षणभर उचलला जातो आणि सिग्नल एकदम पडतो. ईसीएमला वाटतं ड्रायव्हरने पाय काढला. तो पेट्रोल कमी करतो, पुढच्याच क्षणी सिग्नल परत येतो आणि पेट्रोल वाढतं. आपल्याला जाणवतो तो हिसका हाच. उलट, बटरफ्लाय बंद असतानाही सिग्नल नेहमीपेक्षा जास्त दाखवत असेल, तर गाडी स्लोवर (पाय न देता इंजिन नुसतं चालू) आहे हेच ईसीएमला कळत नाही. मग स्लो सांभाळणारी आयडल मोटर नीट काम करत नाही आणि रेस वर-खाली होत राहते.

सेन्सरवर संशय घेण्याआधी

सारखी लक्षणं इतर बिघाडांतही दिसतात. गायमुखच्या चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये भार पडला की हिसके वाढत असतील, तर आधी प्लग, कॉइल आणि पेट्रोलचा दाब बघा. ते मिसिंग आहे (एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही), त्याचा थ्रॉटल सेन्सरशी संबंध नसण्याची शक्यता जास्त. इंजिनजवळ सतत शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येत असेल, तर कुठलातरी व्हॅक्यूम पाइप तडकलाय का ते पाहा. रबरी पाइप इथल्या उन्हाळ्या-पावसाळ्यात लवकर कडक होतात. थ्रॉटल सेन्सरच्या बिघाडाची खूण म्हणजे हिसका पायाच्या ठरावीक जागेवर येतो. चढ असो वा सपाटी, पाय तेवढाच दाबला की झटका. त्याच्या वर किंवा खाली काही नाही.

केबलच्या थ्रॉटलची गाडी असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. मोकळ्या, सुरक्षित जागी इंजिन बंद करून सेन्सरचं कपलर काढून ठेवा आणि गाडी हळू चालवून बघा. चेक लाइट लागेल, पिकअप थोडं सुस्त होईल. पण बऱ्याच गाड्यांत ईसीएम अशा वेळी पोटातला ठरलेला आकडा धरून चालतो. कपलर काढल्यावर तो ठरावीक झटका नाहीसा झाला, तर संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर पक्का झाला. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीवर मात्र हा प्रयोग करू नका. त्या गाड्यांबद्दल पुढे सांगतो.

स्कॅनर असेल तर कोड वाचून लिहून ठेवा आणि मगच उडवा. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ (बिघाडाचे कोड गाडीनेच नोंदवण्याची पद्धत) सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्या साध्या ब्लूटूथ स्कॅनरवरही वाचता येतात. त्याआधीच्या कित्येक गाड्यांना कंपनीचा किंवा गॅरेजचा स्कॅनर लागतो. पी ०१२२ म्हणजे सिग्नल फार खाली: ५ व्होल्टची वायर तुटलेली असू शकते किंवा सिग्नलची वायर कुठेतरी अर्थला टेकलेली. पी ०१२३ म्हणजे सिग्नल फार वर, आणि याचं नेहमीचं कारण सेन्सरची अर्थ वायर सुटलेली असणं हे आहे. अर्थ गेली की फिरणाऱ्या हातावर जवळजवळ सगळे ५ व्होल्ट येतात. पी ०१२१ म्हणजे आकडा येतोय, पण बाकीच्या माहितीशी जुळत नाही. पी ०१२४ म्हणजे मधूनमधून तुटणारा सिग्नल. यातला एकही कोड ‘सेन्सर बदला’ असं सांगत नाही. या वाटेवर कुठेतरी गडबड आहे एवढंच तो सांगतो.

स्कॅनरवर थ्रॉटल टक्क्यांत दिसतं. गाडी स्लोवर असताना १२ किंवा १५ टक्के दिसले म्हणून घाबरू नका. कित्येक गाड्यांत बंद बटरफ्लायचा आकडा १० ते २० च्या दरम्यानच असतो. दर वेळी पाय सोडल्यावर तो त्याच जागी परत येतो का, हे महत्त्वाचं.

मीटर लावताना

मीटर साधा चालेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडला अजूनही काट्याचे मीटर मिळतात आणि या कामासाठी मला तेच आवडतात. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो. सिग्नल त्यामधल्या क्षणात पडून परत आला तर त्याला पत्ताही लागत नाही, काटा मात्र थरथरतो. डिजिटलच असेल तर हात फार हळू फिरवावा लागतो, एवढाच फरक.

इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चावी ऑन. इंजिन गरम असेल तर रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, हात आणि ओढणी-शर्टाच्या बाह्या सांभाळा. बॅटरी १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करा, कारण चावी बराच वेळ ऑन राहणार आहे. मीटर २० व्होल्ट डीसीवर, काट्याचा असेल तर १० व्होल्टवर.

कपलर काढू नका. वायर जिथून कपलरमध्ये शिरते त्या मागच्या बाजूने, रबरी सीलच्या कडेने बारीक टाचणी आत सरकवून पिनेला टेकवा. दोन टाचण्या एकमेकींना लागू देऊ नका. वायरीच्या अंगात टाचणी टोचून माप घेणारे बरेच आहेत. कृपा करून तसं करू नका. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी आत शिरतं आणि तांबं आतल्या आत हिरवं होऊन काही महिन्यांनी तीच वायर तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही आणि शोधणाऱ्याची दमछाक होते.

पहिलं माप ५ व्होल्टच्या वायरचं. ४.९ ते ५.१ मिळायला हवेत. कमी मिळाले तर लगेच सेन्सरला दोष देऊ नका. हेच ५ व्होल्ट बऱ्याच गाड्यांत मॅप सेन्सर (हवेचा दाब मोजणारा) आणि इतर सेन्सरांनाही जातात. त्यातला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे व्होल्ट पडतात आणि कोड मात्र थ्रॉटलचा येऊ शकतो. बाकीच्या सेन्सरांची कपलर एकेक काढत जा. ज्याचं काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तोच गुन्हेगार.

दुसरं माप अर्थचं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब सेन्सरच्या अर्थ पिनेला. जवळजवळ शून्य यायला हवं, ०.०५ व्होल्टपर्यंत चालेल. ०.२, ०.३ येत असेल तर अर्थच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे: सैल पिन, गंजलेलं कपलर, किंवा इंजिन आणि बॉडीला जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी. खाडीकाठच्या आपल्या भागात, कोपरी, कळवा, ऐरोली, वाशी, ही पट्टी बोल्टखाली कुजलेली वारंवार सापडते. वरून चकचकीत बोल्ट, खाली पांढरी भुकटी.

तिसरं माप सिग्नलचं आणि ते दोनदा घ्यायचं. एकदा काळा प्रोब सेन्सरच्याच अर्थ पिनेला लावून, एकदा बॅटरीच्या निगेटिव्हला लावून. दोन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. समजा पहिल्या मापात ०.५२ आणि दुसऱ्यात ०.७८ आले, तर सेन्सर स्वतः बरोबर बोलतोय आणि मधले ०.२६ अर्थच्या वाटेत वाढताहेत. अशा गाडीचा सेन्सर फिरवून ०.५ वर आणला की त्या दिवशी आकडा सुंदर दिसतो. मग एखाद्या सकाळी गार इंजिनात किंवा खड्ड्यातल्या धक्क्याने तो काँटॅक्ट जरा बरा होतो आणि सिग्नल पावच्या जवळ उतरतो. मालक परत दारात. दर दोन महिन्यांनी ‘सेटिंग’ करून घ्यावं लागणाऱ्या गाड्या बहुधा अशाच असतात.

आता खरी चाचणी. ॲक्सिलरेटर हाताने अतिशय हळू, दहा सेकंद मोजत उघडा आणि तितक्याच हळू बंद करा. सिग्नल वर जाताना कुठेही अडखळायला नको, मागे पडायला नको. पूर्ण उघडल्यावर गाडीनुसार साडेतीन ते पावणेपाच व्होल्ट दिसतील. पहिल्या पाव भागात तीन-चार वेळा मागेपुढे करा, झीज तिथेच असते. मग तीच चाचणी सेन्सरवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टिचक्या मारत करा, आणि शेवटी घरातल्या हेअर ड्रायरने सेन्सर गरम करून करा. थंड असताना पास होणारे कितीतरी सेन्सर गरम झाल्यावर नापास होतात. गाडी गॅरेजमध्ये शहाण्यासारखी वागते आणि ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासाने बिघडते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

कासारवडवलीच्या एका काकूंची गाडी आठवते. रोज ऐरोलीला शाळेत शिकवायला जायच्या. म्हणाल्या, “दादा, मानपाड्याला मागचे लोक हॉर्न मारून जीव नको करतात आणि पुलावर चढले की हीच गाडी गुणी बाळ.” कार्बन काढून झाला होता, प्लग नवे होते. काट्याचा मीटर लावला आणि त्यांनाच आत बसून पाय अगदी हळू दाबायला सांगितलं. काटा अर्ध्या व्होल्टवरून सरकत पाऊणच्या जरा पुढे गेला आणि तिथे एकदम शून्याकडे आपटून परत आला. पाय मागे घेतला, पुन्हा दाबला. बरोबर त्याच जागी परत आपटला. तिथून वर थेट सव्वाचारपर्यंत काटा एकदाही अडखळला नाही. काकू गाडीतून उतरून स्वतः बघायला आल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मला जे पायाला कळत होतं ते इथे दिसतंय.” अगदी तसंच. असा सेन्सर कितीही फिरवला तरी उपयोग नाही. पट्ट्यावरचा खड्डा फिरवून भरत नाही, फक्त पायाच्या थोड्या वेगळ्या जागेवर जातो. तो बदलायचाच. आत स्प्रे मारूनही काही साधत नाही, उलट त्यातलं वंगण धुतलं जाऊन झीज वाढू शकते.

फिरवायचा कधी आणि कसा

सेन्सरच्या स्क्रूची भोकं लांबट असतील तरच तो फिरवण्यासाठी केलेला आहे. भोकं गोल असतील तर तो जसा बसतो तसाच बसतो आणि ईसीएम चावी ऑन केल्यावर दिसलेला सगळ्यात खालचा आकडा ‘बंद’ म्हणून धरतो. गोल भोकं कानसून लांबट केलेले सेन्सर मी पाहिले आहेत. त्याने काहीही सुधारत नाही.

लांबट भोकांचा असला तरी आधी तीन गोष्टी बघा. ॲक्सिलरेटरची केबल ताठ नको, पाय सोडल्यावर तिच्यात थोडी ढील हवी. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट पेडलला अडकत नाही ना. आणि बटरफ्लायच्या कडेला कार्बनची कड जमून ते पूर्ण मिटण्यापासून अडत नाही ना. या तिन्हींपैकी काहीही असेल तर बंद अवस्थेचा आकडा चढलेला दिसतो आणि दोष सेन्सरवर जातो.

मग स्टॉपर स्क्रू. बटरफ्लायचा लिव्हर जिथे टेकून थांबतो तो छोटा स्क्रू. कंपनीतून येताना त्यावर बऱ्याचदा रंगाचा ठिपका किंवा लाख असते. ती तुटलेली दिसली की समजायचं, कोणीतरी एसी लावल्यावर गाडी बंद पडते म्हणून हा स्क्रू आवळून रेस वाढवली आहे. हा उपाय मला मनापासून खटकतो, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि पुढचे कित्येक महिने त्रास भोगतं. स्क्रू आवळला की बटरफ्लाय कायमचं किंचित उघडं राहतं, सिग्नल चढतो, ईसीएमला स्लो ओळखू येत नाही, रेस हेलकावे खाते. स्लो वाढवायचं काम आयडल मोटरचं आहे. ती अडकली असेल तर ती साफ करा, बदला. स्टॉपरला हात लावू नका.

कोणी आधीच लावला असेल तर तो परत जागेवर आणावा लागतो. स्क्रू एवढा सैल करा की बटरफ्लाय पूर्ण मिटेल. मग लिव्हर आणि स्क्रू यांच्यामध्ये पातळ कागदाची पट्टी धरून स्क्रू हळू आवळत जा. पट्टी ओढताना जरा अडायला लागली की टोक टेकलं. त्यापुढे किती आवळायचा ते त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे, पण ते फार थोडं असतं. बटरफ्लाय नळीत चिमटून अडकू नये एवढ्यापुरतंच.

हे सगळं झालं की सेन्सर. दोन्ही स्क्रू किंचित सैल करा. नीट बसणारा स्क्रूड्रायव्हरच वापरा. ते स्क्रू ॲल्युमिनियममध्ये धरलेले असतात आणि डोकं एकदा घासलं की ड्रिल मारायची वेळ येते. मीटर सिग्नलवर, चावी ऑन, बटरफ्लाय बंद. सेन्सर केसाएवढा फिरवत मॅन्युअलमधला आकडा आणा. तो गाडीगाडीला वेगळा असतो, शेजाऱ्याच्या गाडीचा आपल्या गाडीला लावू नका. स्क्रू आवळताना सेन्सर हमखास सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा वाचा. मग केबल ओढून बटरफ्लाय चार-पाच वेळा फटकन मिटू द्या. दर वेळी आकडा त्याच जागी आला तर काम झालं. वेगवेगळा येत असेल तर बटरफ्लायचा दांडा झिजलाय किंवा स्प्रिंग थकली आहे, आणि तिथे सेन्सर बिचारा काही करू शकत नाही.

काही जुन्या गाड्यांत याच सेन्सरच्या आत स्लो ओळखणारा एक स्विच असतो. त्यांचं सेटिंग व्होल्टवर होत नाही, फिलर गेजवर (ठरलेल्या जाडीच्या पट्ट्यांवर) होतं. लिव्हर आणि स्टॉपरमध्ये मॅन्युअलमधली पातळ पट्टी घातली तर स्विच जोडलेला दिसला पाहिजे आणि त्याहून जाड पट्टीला सुटलेला.

नवा सेन्सर बसवताना एक गोष्ट जिवाशी खेळणारी आहे म्हणून ठळक सांगतो. सेन्सरच्या आतला खाचेचा भाग बटरफ्लायच्या दांड्याच्या चपट्या टोकाला योग्य बाजूने पकडला पाहिजे. चुकीच्या बाजूने बसला तर बटरफ्लाय उघडं अडकू शकतं. इंजिन सुरू करण्याआधी पेडल पूर्ण दाबून सोडा, बटरफ्लाय पूर्ण उघडून स्वतःहून झटकन मिटतं हे डोळ्यांनी बघा. आणि नवा सेन्सरही मीटरवर त्याच दहा सेकंदांच्या चाचणीतून काढा. स्वस्तातले नवे सेन्सर डब्यातूनच अडखळणारे निघालेले पाहिले आहेत.

सीएनजीवाल्यांसाठी

ठाणे-नवी मुंबईत बाहेरून सीएनजी बसवलेल्या गाड्या चिक्कार आहेत. काही किटचा कंप्युटर थ्रॉटल सेन्सरच्या सिग्नल वायरवर जोड मारून माहिती घेतो. तो जोड पिळून वर काळी टेप गुंडाळलेला असेल, तर दोन पावसाळ्यांत टेपचा चिकटा सुटतो आणि आत पाणी जातं. रबाळेच्या एका कारखान्यातून येणाऱ्या गाडीत सेन्सर नवा, कपलर स्वच्छ, तरी पी ०१२२ परत परत येत होता. वायर चाचपत गेल्यावर एअर फिल्टरच्या मागे टेपचा एक फुगलेला गोळा सापडला. कापून उघडला तर आत तांब्याच्या तीन-चार तारा उरल्या होत्या. जोड नव्याने सोल्डर करून वर आतून गोंद असलेली, गरम केली की आवळणारी श्रिंक नळी बसवली आणि तक्रार संपली. तुमच्या गाडीत किट असेल तर सेन्सर विकत घेण्याआधी हा जोड शोधा. पेट्रोलवरही आणि गॅसवरही सारखाच हिसका येत असेल, तर त्या सामाईक वायरवरचा संशय आणखी वाढतो.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर

पेडलपासून थ्रॉटलपर्यंत केबलच नसेल, तर वर सांगितलेलं सेटिंग विसरा. सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या आत असतो, फिरवता येत नाही. त्यात एकाऐवजी दोन सिग्नल असतात आणि ईसीएम ते सतत एकमेकांशी ताडून बघतो. अनेक गाड्यांत एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो आणि दोघांची बेरीज ५ व्होल्टच्या आसपास राहते. हिशेब जुळला नाही की पी २१३५ येतो आणि गाडी लंगडत चालते, रेस देऊनही वेग घेत नाही. पी २१३८ आला तर मामला थ्रॉटलचा नसून पेडलजवळच्या सेन्सरचा आहे. कोड नीट न वाचता महागडी थ्रॉटल बॉडी बदलली जाते ती इथे.

चावी ऑन असताना त्या बटरफ्लायला बोट लावू नका. आतली मोटर अचानक फिरते, बोट चिमटतं. साफ करायचं असेल तर चावी बंद करून क्लीनर कापडावर घ्या आणि पुसा, थेट फवारू नका. पुसल्यानंतर स्लो एकदम चढलेला दिसेल. कार्बन असताना बटरफ्लाय थोडं जास्त उघडं ठेवायची ईसीएमला सवय झालेली असते, ती मोडायला त्याला पुन्हा शिकवावं लागतं. त्याची पद्धत गाडीनुसार बदलते: कुठे ठरावीक वेळ चावी ऑन ठेवून मग पेडलला पाय न लावता गाडी स्लोवर सोडायची असते, कुठे स्कॅनरनेच करावं लागतं. गॅरेजला गाडी देताना ‘धुतल्यावर थ्रॉटल लर्निंग करून द्या’ एवढं आधीच सांगून ठेवा.

पावसाळ्याआधी

मे महिन्यात कपलर एकदा उघडून बघण्यासारखं आहे. रबरी सील जागेवर आहे का, पिनांवर हिरवं काही दिसतं का. असेल तर काँटॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश, पॉलिश पेपर नको, कारण पिनांवरचा मुलामा निघाला की गंज लवकर धरतो. पिन सैल वाटली तर ती बदलून घ्या, चिमट्याने दाबून वेळ मारून नेली की काही दिवसांत परत सैल होते. सीलला थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून कपलर ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा.

आणि बॉनेट उघडलंच आहे तर वायरच्या आवरणावर दातांच्या खुणा आहेत का तेही बघा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, त्यातही नाल्याशेजारच्या, उंदीर गरम इंजिनावर येऊन बसतात आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) कुरतडतात. थ्रॉटलच्या तीन वायरी बऱ्याच गाड्यांत इंजिनच्या वरच्या भागात, त्यांच्या बसायच्या जागेजवळच असतात. कुरतडलेली वायर दिसली तर नुसती टेप गुंडाळू नका, तेवढा तुकडा कापून सोल्डर करा आणि श्रिंक नळी चढवा. मग वरची तिन्ही मापं पुन्हा घ्या आणि ती कागदावर तारखेसह लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवा. पुढच्या वेळी गाडी कोणाकडेही नेली, तरी त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.